अकरावा दिवस

पट्टा वाजला तेव्हा प्रेक्षा दही विरजत होती.

सकाळचे साडेअकरा. खिडकीबाहेर फ्लँडर्सचं फेब्रुवारीतलं करडं आभाळ, आणि खिडकीशी तिचा नवरा पार्श्व पाय वर टाकून बसलेला, कारण बुधवार हा त्याच्या विश्रांतीचा वार. वरच्या खोलीत धृती झोपली होती. पोर अजून दोन वर्षांचीही नव्हती. तिच्या मनगटावरच्या पट्ट्यानं आईच्या घड्याळात, वडलांच्या फोनमध्ये आणि भिंतीतल्या भोंग्यात एकाच वेळी हाकाटी केली: श्वास नाही. चाळीस सेकंद झाले, श्वास नाही.

जिना बारा पायऱ्यांचा. पार्श्व तो कसा चढला ते प्रेक्षाला आठवत नाही. ती दह्याचा हात तसाच घेऊन धावली आणि दारातच थबकली. पार्श्वनं पोरीला उचलून छातीशी घट्ट धरलं होतं, आणि झोपमोड झालेली धृती लालबुंद होऊन, नाक गाळत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भोकाड पसरत होती.

"आहे गं, आहे," पार्श्व म्हणत होता. जमिनीवर बसला आणि पोरीच्या जावळात तोंड खुपसून तो हमसून हमसून रडला. दगडी रस्त्यांवर तासाला पंचेचाळीसच्या वेगानं सायकलवरून पडून हाड मोडलं तरी न रडणारा माणूस.

संध्याकाळी पार्श्वच्या सायकलसंघातली, त्याचा सराव बघणारी लिव्हे येऊन पट्टा तपासून गेली. "खोटी सूचना," ती म्हणाली. "संवेदक जास्त हळवा झाला होता. आता ठीक आहे."

प्रेक्षानं वही उघडली. धृती सात आठवडे आधी जन्मली होती. तेव्हा इस्पितळातल्या परिचारिकेनं दूध, झोप, ताप लिहायला सांगितलं होतं. परिचारिकेनं सांगितलं होतं तीन महिने. प्रेक्षा अजून लिहीत होती. शेवटचा रकाना तिनं स्वतः आखला होता. त्याचं नाव 'दचक'. त्यात तिनं लिहिलं: १७ फेब्रुवारी, पट्टा, खोटं.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, २८ तारखेला, पार्श्व मगदूम मोसमातल्या पहिल्या शर्यतीत तिसरा आला. समडोळीच्या पोराचा तो पहिलाच मान. सांगलीकडून दिवसभर फोन येत राहिले, आणि त्या गडबडीत बुधवारची दचक कोण आठवतंय?

*

सायकलवाल्यांच्या भाषेत फॉर्म म्हणजे काय, हे प्रेक्षानं लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात समजून घेतलं होतं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेलं, तेवढं तरी कुठे उपयोगी पडायचं! प्रत्येक सरावातून शरीरात दोन गोष्टी उरतात, ताकद आणि थकवा. ताकद सावकाश चढते आणि ओसरायला सहा आठवडे घेते. थकवा झटकन चढतो, पण आठवड्याभरात उतरतो. ताकदीतून थकवा वजा केला की राहतो तो फॉर्म. म्हणून शर्यत जवळ आली की सराव कमी करायचा. थकवा आधी निघून जातो, ताकद मागे रेंगाळते, आणि मधल्या आठ-दहा दिवसांत माणूस स्वतःपेक्षा मोठा होतो. मग ताकदही गळायला लागते. दह्यासारखंच आहे हे. लवकर झाकण काढलं तर दूध, उशीर केला तर आंबट.

वसंतात फ्लँडर्समध्ये दर रविवारी शर्यत असते, दगडगोट्यांच्या रस्त्यांवरून, भिंतीसारख्या चढांवरून. सगळ्याच रविवारी फॉर्मात राहता येत नाही. आपला रविवार कुठला, ते हिवाळ्यातच ठरवावं लागतं. पूर्वी हे अंदाजानं चालायचं. "माझे वडील बारा वसंत धावले," लिव्हे पोहे खाताखाता सांगायची, "आणि बाराही वेळा मंगळवारी फॉर्मात आले." पन्नाशीची ही उंच बाई हसायची, पण वडलांविषयी बोलताना तिचा चमचा बशीत थांबायचा.

आता स्वाराच्या दंडात, कातडीखाली, तांदळाएवढा एक दाणा असतो. रक्तातली साखर, आम्ल, ताणाची रसायनं, सगळं तो मिनिटामिनिटाला मोजतो. त्या आकड्यांतून संघाच्या संगणकात त्या माणसाची हुबेहूब नक्कल उभी राहते. मगदुमांच्या घरात तिला सगळे 'जुळा' म्हणत. पार्श्व झोपला की जुळा पुढच्या आठ आठवड्यांच्या हजारो शर्यती पळून बघायचा आणि कुठल्या दिवशी किती दमायचं, किती खायचं, ते सांगायचा. दर सोमवारी लिव्हे छापील वेळापत्रक घेऊन यायची आणि फ्रिजवर लावायची. समडोळीहून पार्श्वच्या आई, आक्का, फोनवर विचारायच्या, "काय म्हणतोय रं तुझा जुळा? माझ्या पोराला पोटभर जेवू देतोय का न्हाई?"

पण जुळा चुकायचा. थोडासाच, तरी चुकायचा. गेल्या वर्षी एकदा चहा पिताना लिव्हेनं त्या चुकांचे आकडे प्रेक्षाला दाखवले होते. प्रेक्षानं धृतीची वही काढली आणि तारखा शेजारीशेजारी ठेवल्या.

"या चुका कशाही पडलेल्या नाहीत," ती म्हणाली होती. "पोरगी आजारी पडून बरी झाली, की त्यानंतर हा तुमच्या अंदाजापेक्षा जोरात पळतो. तुम्ही माणूस मोजताय, घर मोजत नाही. घर घाला ना यात."

लिव्हेनं कप खाली ठेवला आणि वही स्वतःकडे ओढून घेतली. महिन्याभरात धृतीच्या हातात पट्टा आला, प्रेक्षाच्या हातात घड्याळ आलं, सहा पानांचं संमतिपत्र आलं. प्रेक्षानं ते हौसेनं वाचून सही केली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा कुणीतरी तिच्या डोक्याचं ऐकलं होतं. चार दिवस ती घरात गुणगुणत फिरत होती.

*

मार्चच्या तीन तारखेला, पुन्हा बुधवारीच, धृती मुलं सांभाळणाऱ्या ग्रीतबाईंकडे होती. दुपारी दोन वाजता दोघांच्या फोनवर एकदम संदेश आला: मूल फाटकाबाहेर गेले आहे. नदीच्या दिशेने.

ग्रीतबाईंचा फोन लागेना. पार्श्व सायकल टाकून नदीकाठानं हाका मारत पळत होता. प्रेक्षा अनवाणीच निघाली होती. अठरा मिनिटं. मग ग्रीतबाईंनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि आत बोट दाखवलं. धृती पाळण्यात पालथी झोपली होती, तोंडात अंगठा.

वहीत दुसरी ओळ पडली: ३ मार्च, नदी, खोटं.

चौदा मार्चच्या रविवारी पार्श्व दुसरा आला. सोमवारी संघानं जाहीर केलं की एप्रिलच्या पहिल्या रविवारी तोच संघाचा म्होरक्या. मोसमातली सगळ्यात मोठी शर्यत ती. घरात तिला नुसतं 'रविवार' म्हणत, जसं काही बाकीचे रविवार रविवारच नव्हेत. आठ वर्षं पार्श्व दुसऱ्यांसाठी पुढे राहून वारा अंगावर घेत होता, पाण्याच्या बाटल्या वाहत होता. आता सात जण त्याच्यासाठी वारा घेणार होते. ही संधी दुसऱ्यांदा येत नसते.

त्या सोमवारी लिव्हे नवं वेळापत्रक लावत होती आणि प्रेक्षा तिच्यामागे पोह्यांची बशी धरून उभी होती. वेळापत्रकावर खुणा असायच्या. गोल म्हणजे शर्यत, आडवी रेघ म्हणजे विश्रांती. अधूनमधून एक छोटा पोकळ त्रिकोण असायचा, खाली लिहिलेलं 'बाह्य भार'. उष्ण खोलीत बसून घाम काढतात, ते असेल, असं प्रेक्षा इतके दिवस धरून चालली होती.

मागच्या आठवड्यांचे कागद काढले नव्हते. नव्या कागदाखालून ते डोकावत होते. सतरा फेब्रुवारीला पोकळ त्रिकोण. तीन मार्चला पोकळ त्रिकोण.

प्रेक्षानं बशी ओट्यावर ठेवली. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली. सतरापासून अठ्ठावीस, अकरा. तीनपासून चौदा, अकरा. मग तिची नजर नव्या कागदावर गेली. रविवार चार एप्रिल, लाल गोल. त्यातून अकरा वजा. बुधवार, चोवीस मार्च.

तिथेही त्रिकोण होता. पण पोकळ नव्हता. काळाकुट्ट भरलेला होता.

"लिव्हे," तिचा आवाज तिलाच परका वाटला, "नदीकडचा तो संदेश तुम्ही पाठवलात?"

लिव्हे वळली. खोटं बोलली असती तर प्रेक्षाला बरं वाटलं असतं.

"आम्ही मुलीला बोट लावलेलं नाही," ती म्हणाली. "लावणारही नाही. फक्त सूचना. संमतिपत्राचं पान चार, घरातल्या सूचनांच्या मर्यादा संघ बदलू शकतो. तू वाचलं होतंस."

"का पण?"

"तूच दाखवलंस ना? मोठी भीती आणि लगेच पूर्ण सुटका. शरीराला वाटतं, मरणातून वाचलो. मग चार रात्री अशी झोप लागते की कुठल्या औषधानं लागणार नाही. झोपेत स्नायू सांधतात, रक्त वाढतं. अकराव्या दिवशी ते शिखरावर असतं. आम्ही सगळं करून बघितलं, भीतीचे चित्रपट, थंड पाणी. नाही चालत. भीती खरी लागते आणि सुटकाही खरी लागते."

"माझ्या लेकीचा जीव विरजणाला वापरलात तुम्ही!"

"तिचा नाही. त्याची भीती."

"आणि चोवीस तारखेला काय करणार आहात?"

लिव्हे इथे पहिल्यांदा अडखळली. "काही नाही. ऐक. पोकळ त्रिकोण म्हणजे आमची योजना. भरलेला म्हणजे जुळ्याचा अंदाज. चोवीसला आमच्याकडून काहीही ठरवलेलं नाही. त्याला दिसतंय की त्या दिवशी या घरात काहीतरी होणार आहे. मोठं. काय, ते त्याला सांगता येत नाही."

"मग थांबवा ते!"

"प्रेक्षा, पावसाचा अंदाज सांगणाऱ्याला पाऊस थांबव म्हणतात का कुणी?"

*

डॉक्टरनं धृतीला उलटंपालटं करून तपासलं. छाती, कान, रक्त, सगळं उत्तम. "आई जरा थकलेली दिसतेय," एवढंच तो म्हणाला.

प्रेक्षाला आता घरात कोपरान् कोपरा दिसायला लागला. द्राक्षाचे चार तुकडे ती आधीपासून करायची. आता आठ करायला लागली. जिन्याला वर आणि खाली फाटक. किटलीची वायर आत. धृती खोकली की वहीत ओळ, शिंकली की ओळ. ती दिवसातून दहादा फ्रिजपाशी जाऊन उभी राहायची. काळा त्रिकोण तिथेच असायचा. पट्ट्याला पोरीच्या अंगातलं काही कळलं असेल का? डॉक्टरला न कळणारं, आईलाही न कळणारं? घर घाला यात, असं आपणच म्हणालो होतो. घातलं त्यांनी.

शनिवारी जेवताना तिनं धीर केला. पार्श्व मोजलेला भात मोजलेल्या वरणाशी कालवत होता.

"पार्श्व, मला तुझ्याशी बोलायचंय. चोवीस तारखेबद्दल..."

त्यानं डावा हात वर केला. वाहतूक थांबवावी तसा.

"नको. सांगू नकोस."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या वेळेला कळलं. नंतर." त्यानं मान वर केली नाही. "पट्ट्याच्या वेळी खरंच ठाऊक नव्हतं, शप्पथ. नदीच्या वेळीही त्या अठरा मिनिटांत ठाऊक नव्हतं. मी मेलो होतो गं तिथं. मग लिव्हेला खोदून विचारलं तेव्हा ती बोलली."

"आणि तू मला बोलला नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुझ्या पोटात काही राहतंय का? आणि मला दिसलं असतं, तर..." तो थांबला. "प्रेक्षा, अकराव्या दिवशी काय होतं ते तुला कसं सांगू? सायकलीला साखळीच नसावी असं वाटतं. पाय फिरतायत आणि काही लागतच नाही. आठ वर्षांत मला ते कधी मिळालं नव्हतं. दोनदाच मिळालंय."

"ती तुझी लेक आहे!"

"म्हणून तर चालतं ते," तो हळूच म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्यानं घास तसाच ताटात ठेवला.

धृती तिच्या उंच खुर्चीत बसून वरणाचा हात केसांना पुसत होती. "पप्पा, म्मम," ती म्हणाली. पार्श्वनं तिला भरवलं. प्रेक्षाच्या मनात आलं, हा आता भीतीसुद्धा मोजूनमापून जेवणार. पहिल्यांदाच तिला नवऱ्याच्या शेजारी बसून थंडी वाजली.

*

जे व्हायचं ते या घरात व्हायचंय. मग त्या दिवशी आपण या घरात असायचंच नाही. इतका साधा हिशेब होता तो.

चोवीसला बुधवार असूनही, नव्या वेळापत्रकाप्रमाणे, पार्श्व सकाळीच सहा तासांच्या सरावाला गेला. तो वळणापलीकडे जाईपर्यंत प्रेक्षा खिडकीत उभी राहिली. मग तिनं धृतीच्या हातातला पट्टा काढला, स्वतःचं घड्याळ काढलं, दोन्ही स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावलं आणि डबा फ्रिजमध्ये सारला. कुणाला माग लागायला नको. फोन बंद केला. चिठ्ठीत लिहिलं, 'आपल्या धिटूला घेऊन समडोळीला जातेय. पोचल्यावर फोन करते,' आणि ती त्याच्या उशीवर ठेवली. नऊ चाळीसची गाडी. गाडीत धृतीनं चुरमुरे सांडले, समोरच्या आजोबांना टाळ्या वाजवून दाखवल्या, आणि प्रत्येक स्टेशन मागे पडताना प्रेक्षाच्या छातीवरची एकेक वीट उतरत गेली.

विमानतळावर तिकीट दाखवायला तिनं फोन चालू केला, तेव्हा बारा वाजायला आले होते.

एकसष्ट फोन येऊन गेले होते. सगळे पार्श्वचे. त्यांच्याखाली संघाच्या यंत्रणेचे संदेश होते, त्यालाही गेलेले, त्याच क्रमानं. धृती: नाडी नाही. प्रेक्षा: नाडी नाही. धृती: शरीराचे तापमान एकोणतीस. चोवीस. सतरा. अकरा. सहा.

तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

पट्टा बंद करायचा असतो, हे तिला माहीत होतं. धृतीची अंघोळ घालताना दर वेळी ती ते बटण दाबायची. आज दाबलं नव्हतं. आणि डबा फ्रिजमध्ये. दोन तास तो माणूस रस्त्यावर कुठेतरी आपली बायको आणि लेक गार पडत जाताना वाचत होता. घरी धावला असेल, मोकळं घर बघून बाहेर पळाला असेल. उशी बघायला कोण थांबतंय?

आणि मग, त्या चकचकीत रांगेत उभ्याउभ्या, तिला काळा त्रिकोण दिसला. पोरीच्या अंगात काही नव्हतं. घरात काही नव्हतं. घड्याळ वर्षभर तिची नाडी मोजत होतं. दर दचकीला उडणारं काळीज, वही उघडतानाची धडधड, पेरं मोजणारा अंगठा. ही बाई शोधून काढणार. ही घाबरणार. ही पोर उचलून पळणार. जुळ्याला तेवढंच दिसलं होतं, आणि तिनं ते तारखेबरहुकूम करून दाखवलं होतं.

बोट पार्श्वच्या नावावर थांबलं. भीती झाली होती. आता सुटका द्यायची होती. फोन नाही केला, तर भीती आत राहील आणि त्याची सगळी ताकद खाऊन टाकेल; रविवार गेला. एका श्वासाएवढा वेळ तिनं तसा विचार केला. त्या एका श्वासाची लाज तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिली.

पहिल्याच घंटीला आवाज आला, "कुठं आहे? धिटू कुठं आहे?"

"माझ्या कडेवर. आम्ही ठीक आहोत. पट्टा मी काढला होता, पार्श्व. ती ठीक आहे."

पलीकडे सायकल रस्त्यावर कोसळल्याचा आवाज झाला. मग तो रडायला लागला. लहान मूल हरवून सापडल्यावर रडतं, तसा तोंड उघडून. प्रेक्षाही रडत होती. लोक वळून बघत होते.

बऱ्याच वेळानं तो शांत झाला. "जा तू," तो म्हणाला. "आक्काला भेट." परत ये असं म्हणाला नाही. त्याच्या आवाजात आता झोप दाटून येत होती.

*

चार एप्रिलला समडोळीत मंगल कार्यालयात मोठा पडदा लावला होता. पार्श्व शेवटच्या चाळीस किलोमीटरमध्ये एकटा निघाला आणि कुणाच्या हाताला लागला नाही. गोट्यांच्या त्या शेवटच्या चढावर बाकीच्यांची तोंडं वासली होती. याचं तोंड मिटलेलं होतं. साखळी नसल्यासारखा चालला होता. लोकांनी खुर्च्यांवर चढून आरोळ्या ठोकल्या, कुणीतरी भडंगाच्या पुड्या उधळल्या. आक्कांनी प्रेक्षाच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "तुझ्याच पायगुणानं गं माझे बाई."

प्रेक्षा पडद्यावरचा चेहरा बघत होती. त्या चेहऱ्यावर एक विलक्षण विश्रांती होती. तिनंच दिलेली.

त्याचे फोन रोज येत. गोड बोलायचा. मोसम संपेपर्यंत इथेच राहते, असं ती म्हणाली, तर तो लगेच हो म्हणाला. फार लगेच. टेकड्यांवरची एक शर्यत उरली होती, तेवढी झाली की तो येणार होता.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती कपडे वाळत घालून आत आली, तर आक्का सोप्यात धृतीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खाली जमिनीवर एक फोडलेलं खोकं. धृती केळं खात होती.

"बघ की गं, कसं शोभतंय," आक्का म्हणाल्या. "बापानं धाडलंय लेकीला. आत्ताच आलं. मनगट्यांच्या जोडीला घातलं."

धृतीच्या गुबगुबीत मनगटावर काळ्या मण्यांच्या मनगट्या होत्या, दृष्ट लागू नये म्हणून आक्कांनीच बांधलेल्या. त्यांच्या मधोमध नवा पट्टा. जुन्यापेक्षा नाजूक. बटण नव्हतं त्याला. हिरवा दिवा लुकलुकत होता.

प्रेक्षा स्वयंपाकघरात गेली आणि कात्री घेऊन आली. पट्ट्याखाली तिनं पातं सरकवलं सुद्धा.

मग हात थांबला. भिंतीवर दिनदर्शिका होती. टेकड्यांवरची शर्यत पंचवीसला, रविवारी. अंगठा आपोआप पेरांवरून फिरला.

आज बुधवार होता. चौदा तारीख.

"काय गं, असं काय करतीस?" आक्का घाबरून म्हणाल्या. "पोरीच्या अंगाशी कात्री!"

तिला सगळं समोर दिसलं. कुणीतरी हिशेब केला होता की खोकं आज पोचावं, आणि ही बाई बघताक्षणी पट्टा हिसकून टाकेल. तिकडे नाडी थांबेल.

नाही. भीती आधीच सांगून टाकली की ती भीती राहत नाही. तिनं कात्री तशीच धरून दुसऱ्या हातानं फोन लावला. तिकडे साडेसात वाजले असतील. पार्श्वनं लगेच उचलला, जणू हातातच होता.

"पार्श्व, घाबरू नकोस. आधी ऐक. धिटू आक्कांच्या मांडीवर बसलीय, केळं खातीय. ठणठणीत आहे. मी तिचा पट्टा कापतेय. आत्ता, या मिनिटाला. तुझ्याकडं वाजेल. ते खोटं असणार आहे. कळलं ना?"

पलीकडे नुसता श्वास.

"पार्श्व?"

"सांगितलंस कशाला?" तो म्हणाला.

रागानं नाही. समोरचं ताट कुणी ओढून घेतल्यावर उपाशी माणूस म्हणेल, तसं.

प्रेक्षानं पट्टा कापला. हिरवा दिवा विझला, आणि फोनमधून, सात हजार किलोमीटरवरून, भोंगा वाजायला लागला. तोच. दह्याच्या हातानं जिना चढतानाचा. तिनं फोन धृतीच्या तोंडाशी धरला.

"पप्पा," धृती म्हणाली. "केयं."

"ऐकलंस ना? आली ना ओळखू?" प्रेक्षाचा आवाज चढला. "बंद कर आता तो."

भोंगा वाजत राहिला. त्याच्या आतून पार्श्वचा श्वास ऐकू येत होता, भराभर वाढत चाललेला, चढाच्या पायथ्याशी स्वार मुद्दाम वाढवतात तसा.

"पार्श्व, ती इथं आहे. बंद कर."

फोन त्याच्या हातात होता. बटण अंगठ्याखाली होतं. तिला माहीत होतं, फक्त दाबायचं होतं.

तो दाबत नव्हता.